धरणारं माणूस

केशरबाईंनी पायातली चप्पल काढली आणि नवऱ्याच्या बुटापुढे आडवी ठेवली.

"ओलांडा."

उकंडरावांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय जमिनीला खिळल्यासारखे झाले होते. अंग पुढे झुकलेलं, हात लटलटत असलेले, पण पाऊल काही उचलत नव्हतं. समोर चप्पल दिसली तसा उजवा पाय वर आला, चपलेच्या पलीकडे पडला, मागोमाग डावाही आला. चार-सहा पावलं बरी पडली. मग पुन्हा थांबले. केशरबाई मागे वळल्या, चप्पल उचलून आणली आणि पुन्हा पुढे ठेवली.

"लोकं पाहून राह्यले," उकंडराव म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की ऐकायला कान जवळ न्यावा लागे.

"पाहू द्या. चप्पल माही हाये, त्याइची थोडी हाये."

वाशीमच्या ट्रॅकवर सकाळी बरीच गर्दी असे. फलकावर 'हरित पथ' असं लिहिलेलं होतं, पण तसं कोणी म्हणत नव्हतं. रेल्वेची छोटी लाइन जाऊन मोठी आली, तेव्हा गावाबाहेरचा एक तुकडा ओसाड पडला होता. कितीतरी वर्षं तिथे बाभळी आणि डुकरं होती. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, बाभळी तोडल्या गेल्या, दोन्ही बाजूंनी करंज आणि कडुनिंब लावले गेले, मधोमध गुळगुळीत रस्ता झाला. आगगाडीची वाट, त्यामुळे चढ नाही, उतार नाही, वळणही नावापुरतंच. पार टोकाला एक गोल बांधला होता. त्याला वळसा घालून माणसं परत येत. मोटारसायकल घालायला मनाई होती. चालणारे चालत, आणि ज्यांना हौस ते घाई नसलेल्या माणसासारखे आरामात सायकल फिरवत. दुकानदार, मास्तर, कोर्टातले कारकून, नव्यानं लग्न झालेल्या जोड्या, सगळेच.

फाटकाजवळ रामधन भाड्याच्या सायकली ठेवायचा. गावातलं पंक्चरचं दुकान मोडल्यावर त्यानं हा धंदा धरला होता. उकंडराव अडले की त्याच्या स्टुलावर बसत. त्या दिवशीही बसले.

उकंडराव अंभोरे म्हणजे एस.टी.चे कंडक्टर. मूळचे केनवडचे, उभी नोकरी वाशीम डेपोत, आणि त्यातली निम्मी रिठद-रिसोडच्या गाडीवर. खचाखच भरलेल्या गाडीत दांड्याला हात न लावता पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत जाणारा माणूस. गाडी खड्ड्यात आदळली तर बाकीचे एकमेकांवर पडत, हे आपले तिकीट फाडत उभे. निवृत्त झाले आणि वर्ष-दीड वर्षात हात हलायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी हात जरा आवरला, पण पाय दगा द्यायला लागले. दाराच्या चौकटीत अडायचे, न्हाणीघरात अडायचे, बुद्धविहाराच्या पायरीशी अडायचे. चेहराही थिजल्यासारखा झाला. हसले तरी कळत नसे.

"रामधन," उकंडराव म्हणाले, "एक सायकल दे."

"कोनासाठी, साहेब?"

"माह्यासाठी."

रामधननं केशरबाईंकडे पाहिलं. केशरबाईंनी नवऱ्याकडे.

"चालता येत नाई अन सायकल?" त्या म्हणाल्या. "डोकं ठिकानावर हाये का?"

"चालता येत नाई म्हनूनच," उकंडराव म्हणाले. "कायले वाद घालतं? बसवून त पाहा."

त्यांनी मग काही म्हणजे काही ऐकलं नाही. बोलत नव्हते, पण उठतही नव्हते. शेवटी रामधननं एक बुटकी सायकल कठड्याला टेकवून उभी केली. दोघांनी मिळून त्यांना कसंबसं सीटवर बसवलं. एकेक पाय धरून पायडलवर ठेवला.

"धक्का दे," उकंडराव म्हणाले.

रामधननं भीत भीतच लोटलं, आणि दोन पावलं सोबत धावला. तिसऱ्या पावलाला सायकल त्याच्या हातातून निसटली.

केशरबाईंना पहिल्यांदा वाटलं की आता पडतात. मग पाहिलं, तर पाय फिरत होते. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर, जसे कोणाचेही फिरावेत तसे. पाठ ताठ होती. हँडल सरळ होतं. करंजांच्या सावलीतून ते पुढे पुढे गेले, चालणाऱ्या बायकांना वळसा घातला, आणि लहान लहान होत दिसेनासे झाले.

"काकू," रामधन म्हणाला, "हे काय झालं हो?"

केशरबाई चपला हातात घेऊन धावत निघाल्या होत्या. थोड्या अंतरावर दम लागून थांबल्या. साठी ओलांडलेलं अंग. अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभा जन्म पोरं कडेवर घेण्यात गेलेला. कंबर धावायची राहिली नव्हती. त्या तिथेच रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग टोकाचा गोल फिरून येणाऱ्या सायकलींत एक सायकल दिसली, आणि तिच्यावर उकंडराव. वाऱ्यानं सदरा फुगला होता.

ते जवळ आले आणि ओरडले. कितीतरी महिन्यांत त्या आवाजाला एवढा जोर आला नव्हता.

"धर! धर मले!"

ब्रेक दाबला होता, सायकल थांबत होती, पण पाय काही खाली येईना. चाक थांबल्याबरोबर ते बाजूला कलले, जसं मुळं सुटलेलं झाड कलतं. केशरबाईंनी छातीचा टेका दिला, मागून रामधन आला, आणि तिघं मिळून कठड्यावर आदळले. कोणाला लागलं नाही.

"थांबता येत नाई," उकंडराव म्हणाले. आणि त्यांचे डोळे हसत होते, ते केशरबाईंना स्पष्ट दिसलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी असंच सुरू झालं. घरून फाटकापर्यंत चपलेच्या आधारानं यायचं, रामधननं बसवून धक्का द्यायचा, आणि परत येतील तेव्हा केशरबाईंनी धरायचं. धरण्याची एक तऱ्हा त्यांना हळूहळू जमली. डाव्या बाजूला उभं राहायचं. सायकल मंदावली की एक हात सीटमागे घालायचा, दुसरा त्यांच्या काखेत, आणि आपला खांदा त्यांच्या बरगडीला लावायचा. मग त्यांचा सगळा भार अंगावर येई, आणि तो येऊ द्यायचा. ट्रॅकवर फिरायला येणाऱ्या वच्छलाबाई एकदा म्हणाल्या, "बाई, ह्या वयात भर रस्त्यात नवऱ्याला मिठी मारता!" केशरबाई म्हणाल्या, "तवा टाइम नव्हता त्याइले. डुटी होती."

हे काही गमतीनं म्हटलेलं नव्हतं. पहिल्या गाडीला जायचं म्हणून ते अंधारात निघत आणि शेवटच्या गाडीनं येत. कधी मुक्कामी गाडी असली तर येतही नसत. संसार त्यात कसा झाला हे केशरबाईंनाच माहीत. आता नवरा चोवीस तास घरात होता आणि त्याला उठवणं, बसवणं, भरवणं, गुंड्या लावणं सगळं त्यांच्याकडे. ट्रॅकवर तो सायकलनं गेला की तेवढा वेळ त्या रामधनच्या स्टुलावर नुसत्या बसत. चहा पीत. कोणाला काही द्यायचं नाही, कोणाचं काही काढायचं नाही. तो वेळ त्यांनाही आवडायला लागला होता, आणि याची त्यांना थोडी लाज वाटे.

मुलाला, संघदीपला, दोघांनीही सांगितलं नव्हतं. संघदीप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. चांगला मुलगा. बापासाठी त्यानं घरातले उंबरे काढून टाकले होते, न्हाणीघरात दांडे बसवून घेतले होते, रात्री उठून औषध द्यायचा. तो नाही म्हणेल हे ठरलेलं होतं, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं बरोबर असेल, हेही केशरबाईंना कळत होतं. म्हणून सांगितलं नाही. सून स्नेहा विचारायची, "आबा आज कसे चालले?" केशरबाई म्हणत, "बरे चालले."

सोयाबीन निघून गेलं होतं, सकाळी जरा गारवा पडायला लागला होता, तेव्हा एक दिवस ट्रॅकवर सायकल रॅली निघाली. फाटकाशी मंडप घातलेला, कर्णा वाजत असलेला, शाळेची पोरं रांगेनं उभी. नेहमी मोटारगाड्या अडवायला बंद असलेलं मोठं फाटक पाहुण्यांच्या गाडीसाठी सताड उघडलेलं. उकंडराव गेले तेव्हा एवढी गर्दी नव्हती. परत आले तेव्हा धरायच्या जागेवर खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि केशरबाई गर्दीच्या पलीकडे अडकल्या होत्या.

"अवो! अठी! अठी हाये मी!"

उकंडरावांनी त्यांना पाहिलं. नजरानजर झाली. पण मध्ये पोरं होती. ब्रेक दाबला असता तर पोरांच्या अंगावर पडले असते. त्यांनी हँडल वळवलं आणि उघड्या फाटकातून सरळ रिसोड रस्त्याला लागले.

रामधननं मोटारसायकल काढली. केशरबाई उभ्या आयुष्यात संघदीप सोडून कोणाच्या गाडीवर बसल्या नव्हत्या. तशाच पदर खोचून मागे बसल्या. रस्त्यावर ट्रक होते, ऑटो होते, रिसोडहून येणाऱ्या बस होत्या. प्रत्येक वळणाला त्या रस्त्याच्या कडेला काही पडलेलं दिसतं का ते पाहत होत्या. पेट्रोल पंप गेला, जिनिंग गेलं. मग रामधनला डाव्या हाताला, शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यावर, आपली सायकल आडवी दिसली.

सोयाबीनच्या कुटाराचा, मळणीतून उरलेल्या भुशाचा, ढीग होता. त्यात उकंडराव पाठीवर पडलेले होते. शेजारी एक बाई तांब्या घेऊन उकिडवी बसली होती. ती त्या शेताची मालकीण, हिरीबाई.

"तुमचे हायेत का हे?" ती म्हणाली. "मले वाटलं पेऊन आले. मंग पाह्यलं त वास नाई."

"लागलं का हो?" केशरबाई म्हणाल्या.

"रोडवर गाड्या लय होत्या," उकंडराव एकेक शब्द काढत म्हणाले. "म्हटलं इकडं घालू. चढ हाये, आपोआप हळू होईन. झाली बी." थोड्या वेळानं म्हणाले, "डावा हात पाहा बरं."

मनगट मोडलं होतं.

त्या संध्याकाळी संघदीप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो प्लास्टर घातलेल्या बापाला पलंगावर नीट टेकवून बाहेर आला आणि आईसमोर खाली बसला.

"आई, तुले समजत होतं ना?"

"हो."

"मंग काहून?"

केशरबाईंनी उठून त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याला सांगण्यासारखं जे होतं ते शब्दांत बसत नव्हतं.

अकोल्याचे डॉक्टर मात्र सायकलचं ऐकून चकित झाले नाहीत. अशा रोग्यांना कधी कधी सायकल येते म्हणाले; व्यायाम चांगलाच आहे, पण घरात, जागेवरच्या सायकलवर करा. संघदीपनं आठवड्यात तशी सायकल आणली. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवली. चाक नाही, रस्ता नाही, पुढे एक काळी पट्टी आणि तिच्यावर हिरवे आकडे. नात धम्मदीपा आकडे वाचून दाखवायची. उकंडराव दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी पाय पायडलवर ठेवून तसेच बसून राहिले.

"चालवा ना आबा," स्नेहा म्हणाली.

"हे जाते कुठी?" त्यांनी विचारलं.

स्नेहाला हसू आलं. पण ते गंमत करत नव्हते. ते पुन्हा त्या सायकलवर बसले नाहीत.

नंतरचे दोन महिने केशरबाईंनी पाहिले. प्लास्टर निघालं, पण माणूस काही उठला नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीवरून पलंगावर. पौर्णिमेला विहारात जायचं बंद झालं. चप्पल पुढे ठेवली तरी नुसते चपलेकडे बघत राहत. घास तोंडात धरून बसत, गिळायला आठवण करावी लागे. तक्रार मात्र एकही नाही. एका दुपारी केशरबाई त्यांची नखं काढत होत्या, तेव्हा ते म्हणाले, "केशर, करंजाले फुलं आले असतीन का?"

"आता कायची फुलं? ती उन्हायात येतात."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी उकंडरावांना स्वेटर घातला, मफलर गुंडाळला, बुटांचे बंद बांधले. दाराशी संघदीप भेटला. तो दूध घेऊन येत होता.

"कुठी चालले?"

"ट्रॅकवर."

संघदीपनं पिशवी खाली ठेवली. "आई, पुन्यांदा पडले त? यावेळी हात मोडला. मांडीचं हाड मोडलं त उठनार नाईत ते."

"माईत हाये."

"मंग?"

"मंग काय? न पडता बी एक दिवस उठनार नाईतच. तुले माईत हाये, मले माईत हाये, अन त्याइले त आपल्या दोघांपेक्षा जास्त माईत हाये." केशरबाईंचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या. "आजवर मीच धरलं त्याइले. पडले त मीच उचलीन, अन मीच करीन सगळं. तुह्यावर टाकनार नाई. पन त्याइले त्या भिताडापुढं नको बसवू, बावा."

संघदीप बापाकडे पाहत राहिला. उकंडराव चौकटीत उभे होते, उंबरा नसलेल्या चौकटीत, पाय अडलेले. त्यांनी मुलाकडे वर पाहिलंही नाही. ते वाट पाहत होते, एवढंच.

संघदीपनं दूध आत नेऊन ठेवलं आणि गळ्यात रुमाल टाकून त्यांच्याबरोबर निघाला.

रामधननं काही विचारलं नाही. बुटकी सायकल पुढे आणली, नेहमीसारखी कठड्याला टेकवली. बसवताना या वेळी तीन माणसं होती. धक्का बसला, पाय फिरले, आणि सायकल करंजांच्या ओळीतून निघून गेली. संघदीपनं हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तो तोंडावर हात ठेवून उभा राहिला. घरात बापाला पलंगापासून खुर्चीपर्यंत आणायला रोज त्याची किती वेळ खटपट चाले, आणि तोच माणूस हा असा चालला होता. थोड्या वेळानं तो फाटकाकडे गेला. मोठं फाटक बंदच होतं, तरी त्यानं कडी एकदा हलवून पाहिली आणि त्या फाटकाला पाठ लावून उभा राहिला. बाप परत येईपर्यंत तिथून हलला नाही. त्या दिवशी तो शाळेत उशिरा पोचला.

उरलेला हिवाळा उकंडराव सायकलवर फिरले. रविवारी संघदीप यायचा. एकदा धरताना त्याचा अंदाज चुकला आणि बाप-लेक दोघं खाली बसले, तेव्हा ट्रॅकवरचे चार लोक धावून आले. ते बरेच दिवस पुरेल एवढं हसण्याचं निमित्त झालं. उकंडराव घरी दोन घास जास्त खायला लागले. बाकी आजार आपल्या वाटेनं चालतच होता. गोळ्या वाढल्या होत्या. बोलणं आणखी कमी झालं होतं.

ऊन तापायला लागलं त्या सुमारास एका सकाळी रामधननं धक्का दिला आणि उजवा पाय पायडलवरून घसरला. सायकल डगमगली. केशरबाई जवळच होत्या. पाय पुन्हा ठेवला, पुन्हा धक्का दिला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा रामधननं पाय पायडलला दोरीनं बांधू का असं विचारलं.

"राहू दे," उकंडराव म्हणाले.

"उद्या पाहू," केशरबाई म्हणाल्या. "झोप नाई झाली तुमची."

"नाई, केशर. झालं आता."

रामधन वळला आणि दुसऱ्या एका सायकलची हवा तपासायला लागला, जिच्यात हवा भरलेलीच होती.

त्यांना खाली उतरवलं. ते हँडल धरून उभे राहिले. केशरबाई घरी जायचं म्हणून त्यांचा हात सोडवायला गेल्या, तर त्यांनी हँडल सोडलं नाही.

"तू तिकडं गेली का कवा?"

"कुठी?"

"टोकाले."

केशरबाईंनी विचार केला. खरंच गेल्या नव्हत्या. रोज यायचं, इथेच थांबायचं आणि धरायचं. त्यापलीकडे ट्रॅकवर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"चाल," उकंडराव म्हणाले. "दाखवतो."

सायकलचं चाक पुढे सरकलं की त्याच्या ओढीनं पाऊल पडत होतं. एका बाजूनं त्यांनी हँडल धरलं, दुसऱ्या बाजूनं केशरबाईंनी. फार वेळ लागला. मध्ये कितीदा तरी थांबले. सायकलवाले दोन्ही बाजूंनी जात होते, फेरी पुरी करून परत येत होते, पुन्हा पुढे जात होते. करंजाला जांभळट फुलांचे तुरे आले होते आणि रस्त्यावर त्यांचा सडा पडला होता. उकंडरावांनी त्याकडे बोट केलं. केशरबाई म्हणाल्या, "पाह्यलं."

टोकाला पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. सिमेंटचा गोल, मधे पाणी नसलेलं कारंजं, बसायला कट्टा. त्याच्यापुढे रस्ता संपत होता आणि शेतं सुरू होत होती. दूर कोणाच्या तरी शेतात हळद शिजवायला लावली होती. कढईची वाफ सरळ वर जात होती आणि वाऱ्याबरोबर ओल्या हळदीचा वास येत होता.

"इतकंच हाये," उकंडराव म्हणाले.

केशरबाईंनी सायकल कट्ट्याला टेकवली, नवऱ्याला बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. पदरानं त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मग कितीतरी वेळ समोर पाहत राहिल्या.

"चाल," उकंडराव म्हणाले. "ऊन लागन तुले."

"थांबा जरासं," केशरबाई म्हणाल्या. "मी त आत्ता आली."